वाऱ्याचा काही दोष नव्हता

विमान हवेतून पाडणारे जगात पुष्कळ असतील, पण ते अगदी अलगद जमिनीवर टेकवून मग सावकाश मोडून दाखवणारा साऱ्या कावेरीकाठावर एकच माणूस आहे, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगकाठी उसाच्या कांड्यासारखी, कपाळावर गंधाची आडवी बोटं, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीवजा धोतर, आणि मनगटावर वैमानिकाचं एवढं थोरलं घड्याळ की आधी हात घरात येतो आणि मामा मागून. एके काळी ते एका फ्लाइंग क्लबात नवशिक्यांना विमान शिकवायचे. क्लबाचं नाव सांगत नाही. मामांना विसरताना क्लबाला फार कष्ट पडलेत, ते कशाला वाया घालवा.

मी मूळचा वाईचा. आडुतुरैला भातावर संशोधन चालतं, तिथे नोकरीला आलो आणि जवळच्या कुंभकोणातल्या एका मराठी घरचा जावई झालो. मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेलं मराठी. मामा पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा मला वाटलं, एखादी बखरच उठून कॉफी विचारते आहे. "काय माप्पिळ्ळै, काफी घेऊलालास कीं नाहीं?" माप्पिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई. मी 'चालेल' म्हणालो, तर मामींनी आतून विचारलं, "कुठें चालेल?" माझ्या बायकोचे आईवडील ती लहान असतानाच गेले, तिला वाढवलं ते या मामा-मामींनीच. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही. त्यामुळे मामेसासरे म्हणा नाहीतर सासरे म्हणा, जे काय आहेत ते हेच.

तर अपघाताची गोष्ट. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी मामांनी मामींना विमानातून फिरवायला नेलं होतं. दोनच जणांचं, छोटं, शेपटीखाली चाक असलेलं विमान. पुढे मामा, मागे मामी. गेले, फिरले, वरून कावेरी बघितली, उतरायला आले. वारा बाजूने होता. चाकं टेकली, आणि मग काय झालं कोण जाणे, विमान गरकन स्वतःभोवती फिरलं, एक पंख जमिनीला घासून दुमडला, पुढचा पंखा वाकला आणि धुळीत सगळं शांत झालं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. मामी खाली उतरल्या, निऱ्या नीट केल्या, आणि सरळ बसस्टँडकडे चालू लागल्या. त्या दिवसापासून मामा जे जे चालवतील त्यात मामी बसल्या नाहीत. विमान नाही, मोटार नाही, स्कूटर नाही. त्यांची अट एकच होती: "कोणाची चूक तें एकदां तोंडानें सांगा, मग बसतें." आणि मामांचं उत्तर एकच होतं: "वाऱ्याची." मामींना एकदा आपल्या मागे बसवून नेणं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला राहिली होती. तेवढं एक वाक्य मात्र काही केल्या त्यांच्या घशातून बाहेर येत नव्हतं.

आता गंमत अशी की दुसऱ्या कुणाच्या अपघातात मामांनी वाऱ्याला कधी दोषी धरलं नाही. जेवणं झाली की त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. रिकामं केळीचं पान ही धावपट्टी, चोखलेली शेवग्याची शेंग हे विमान, आणि मामा स्वतः गाल फुगवून वारा. नाकाखाली चाक असलेलं विमान वेडंवाकडं टेकलं तरी आपलं आपण सरळ होतं. पण ज्याचं छोटं चाक मागे शेपटीखाली असतं त्याचा सगळा भार मागे. बाजूचा वारा लागला की ती शेपटी म्हणते, आता पुढे मी जाणार. तिला जागेवर ठेवायला पायाखालच्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या सारख्या दाबत राहायच्या, विमान पुरतं थांबेपर्यंत. "चाकें टेकलीं मणजे उतरलों नव्हें!" असं म्हणत मामा शेंग गरकन फिरवत. सांबाराचा थेंब माझ्या सदऱ्यावर ठरलेला. मग कुणा कुणा वैमानिकाच्या सबबी सांगत. एक म्हणाला वारा एकाएकी आला, दुसरा म्हणाला वारा फिरला, तिसरा म्हणाला वारा दिसलाच नाही. "अरे, दिसायला तो काय तुझा चुलता? वारा वाऱ्याचें काम करूलालाय, तुझे पाय काय करूलाले होते? वाऱ्याचा दोष नसतो कधीं. पाय झोंपले!" नेमक्या याच वेळी स्वयंपाकघरात मामींच्या हातून एखादं भांडं पडायचं. भांडी त्यांच्या हातून एरवी पडत नसत.

वाऱ्याची बातमी मामांना घरबसल्या लागत असे. गच्चीवर एका बांबूला त्यांनी जुन्या वेष्टीची एक लांब पिशवी भगवी रंगवून अडकवली होती, विमानतळावर असते तशी. वारा कुठून येतो ते ती सांगायची. निवडणुकीच्या दिवसांत दोन कार्यकर्ते घरी आले आणि मोठ्या अदबीने विचारू लागले की हे चिन्ह कुठल्या पक्षाचं. मामांनी त्यांना तासभर बसवून घेतलं. जाताना दोघांना बाजूच्या वाऱ्यात विमान उतरवता आलं असतं, मतं मागायची मात्र ते विसरले. स्कूटर लावताना तिचं तोंड वाऱ्याकडे. आडी महिन्यात, म्हणजे आपल्याकडे आषाढ चालू असतो तेव्हा, इकडे पश्चिमेचा वारा असा सुटतो की डोळे उघडवत नाहीत. त्या महिन्यात मामा स्कूटर कडुलिंबाला दोरीने बांधून ठेवत. शेजारी विचारायचे, पळून जाते का? कुंभकोणात पान खाणाऱ्यांना तोटा नाही, पण थुंकण्याआधी बोट ओलं करून वारा बघणारा माणूस मी तरी एकच पाहिला. आणि खरं सांगतो, त्या एका गोष्टीत साऱ्या गावाने त्यांचा कित्ता गिरवायला हवा होता.

त्यांचे पाय म्हणजे तर वेगळंच प्रकरण. मामा झोपाळ्यावर बसोत, गाण्याच्या मैफलीला बसोत, नाहीतर दाढीसाठी न्हाव्यापुढे, खाली पाय आपले चालूच. डावा, उजवा, डावा, डावा. न्हाव्याने शेवटी हात जोडले. झोपेतसुद्धा चालत, म्हणून मामी मध्ये लोड ठेवत. गावात देवाचा रथ निघाला की मामा सगळ्यांत पुढे. एवढा थोरला लाकडी रथ, त्याला सुकाणू नाही. चाकाखाली ओंडके सरकवून तो वळवतात. मामा त्या ओंडकेवाल्यांच्या अंगावर ओरडत असत, "डावा पाय! अरे, डावा पाय दे!" ते बिचारे आपल्या पायाकडे बघत. रथ जागेवर परत आला की सगळी पेठ हात जोडते. मामा हात जोडत नाहीत. चारी चाकांखाली ओंडके बसले, दोर जमिनीवर टाकले, ओढणारे पाणी प्यायला पांगले, की मग ते देवाला नमस्कार करतात. तोवर देव सावलीत गेलेला असतो.

हा त्यांचा स्वभावच होता. कशाचंही कौतुक आधी नाही. आमच्या लग्नात इकडच्या रीतीने मंगळसूत्राची तिसरी गाठ पडली, वाजंत्री कडाडली, सगळ्यांनी अक्षता उधळल्या. मामा मूठ मिटून उभे. मला वाटलं, काही मानपान राहिला. आईने मला खुणावलं, मी वाकून नमस्कार केला, तरी मूठ बंद. जेवणं झाली, फोटो झाले, आम्ही गाडीत बसलो. गाडी आमच्या भाड्याच्या घरापुढे थांबली, चालकाने इंजिन बंद केलं, तेव्हा मागून स्कूटरवरून आलेल्या मामांनी खिडकीतून अक्षतांची मूठ आमच्या अंगावर रिकामी केली. घामाने त्यांचा भात व्हायचाच बाकी होता. "अत्ता सरि," म्हणजे आता ठीक, असं म्हणाले आणि डोळे पुसत निघून गेले. अजूनही आम्ही कुठून परत आलो आणि 'पोचलो' म्हणून फोन केला, तर ते विचारतात, "थांबली कीं गाडी? उतरलांत? चप्पल काढली?" चप्पल काढल्याचं ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

मामींबरोबर कुठे जायचं तर त्याचीही एक पद्धत ठरून गेली होती. पट्टीश्वरम्‌ला देवीच्या दर्शनाला दोघं महिन्यातून एकदा जात. मामी टाउन बसने, मामा स्कूटरने. मामी मुद्दाम शेवटच्या बाकावर, मागच्या काचेजवळ बसायच्या, आणि मामा बसच्या बरोब्बर मागे. बस हळू झाली की मामा हळू, बस थांबली की मामा थांबलेले. मामी आतून खुणा करत: वेष्टी आवरा, रुमाल बांधा, मागून लॉरी येते आहे. बसचा धूर खात मामा मान डोलावत. अशी ती नवरा-बायको तीस वर्षं एकत्र प्रवासाला जात होती. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग एकदा मी बसमध्ये मामींच्या शेजारी बसून गेलो आणि काचेतून मामांचं तोंड बघितलं. त्यानंतर मी त्यावर चेष्टा केली नाही. फार केली नाही, असं म्हणतो.

आमच्याकडे बाळ व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. आडी महिन्यातला शुक्रवार. दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखणारी. तिच्या देवळातलं एरंडेल गरोदर बाईच्या पोटाला लावलं की सुटका सुखरूप होते, अशी इकडची श्रद्धा. ते तेल आजच आणायचं, असा मामींचा हट्ट. बायकोजवळ शेजारच्या अक्का बसल्या, मी मोटार काढली, मामी माझ्या शेजारी, आणि मागे अर्थातच स्कूटरवर मामा. पापनाशम्‌पर्यंत वारा समोरून होता. तिथून रस्ता दक्षिणेला वळला आणि वारा उजव्या अंगाने आदळायला लागला. दोन्हीकडे उघडी भातशेतं, आडोसा नाही. शेळ्यासुद्धा तिरक्या चालत होत्या. वाटेत एका माडाखाली मी गाडी लावली, देवीला फुलं घ्यायला. आम्ही दोघं उतरलो, फुलवालीकडे गेलो, आणि मागे धाडकन आवाज झाला. माडाची अख्खी झावळी समोरच्या काचेवर. काचेचा चुरा आत, बाहेर, सगळीकडे. मामींच्या जागेवर तर ओंजळभर.

"काय हा वारा!" मी कपाळाला हात लावला.

मामा मागे स्कूटर टेकवून आले. झावळी बघितली, माड बघितला, मला बघितलं. "वाऱ्याचा दोष नसतो, माप्पिळ्ळै," ते म्हणाले. "आडींत माडाखालीं गाडी कोणी लावली?"

"हें कोण बोलूलालें आहे?" मामी म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. पण फुलवालीचे हात थांबले, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं तरी. खाली मामांचे पाय डावा-उजवा करू लागले. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारच्या अक्का. कळा सुरू झाल्या होत्या, त्या हिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळ आहे, पण या.

मी तशीच फुटक्या काचेची गाडी काढायला निघालो. मामींनीच मला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. "तूं बसनें गांवांत जा. आम्ही तेल घेऊन येतों." आम्ही म्हणजे कोण, हे मला कळायच्या आधी मामांना कळलं. त्यांचा चेहरा वेष्टीइतका पांढरा पडला.

"मागें बसणार?" त्यांनी विचारलं.

"मग काय, विमान मागवूं?"

मामा स्कूटरभोवती फिरले. पुढचं चाक दाबलं, मागचं दाबलं, ब्रेक बघितला, आरसा पुसला, बोट ओलं करून वारा बघितला, जणू तो सगळ्यांना आडवा पाडत होता ते पुरेसं नव्हतं. मामी पदर खोचून उभ्या होत्या. "बाळ शाळेंत जाईपर्यंत निघणार कीं नाहीं?" मग त्या बसल्या. एका हातात फुलांचा पुडा, आणि दुसऱ्या हाताने, तीस वर्षांत पहिल्यांदा, मामांचा खांदा धरलेला. माझी बस आली नव्हती, म्हणून मी बघत राहिलो. स्कूटर निघाली, वाऱ्याने एकदा डावीकडे ढकलली, आणि मग मामांनी ती उजवीकडे, वाऱ्याच्या अंगावर, थोडीशी कलती केली आणि तशी कलती ठेवूनच रेघेसारखी सरळ नेली. केळीच्या पानावर शेंगेने शंभर वेळा दाखवलेलं हेच होतं. मामींचं लुगडं डावीकडे फडफडत होतं. वळणाआड जाईपर्यंत मामांनी मागे वळून पाहिलं नाही.

देवळात आडीच्या शुक्रवारची रांग. इकडे मी दवाखान्यात येरझारा घालतोय, फोन करतोय, मामा उचलत नाहीत, कारण चालवताना ते उचलणार नाहीत आणि रांगेत त्यांना ऐकू येणार नाही. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. दोघी सुखरूप. तेलाविनाच. मी ओसरीवर आलो तेव्हा हसतोय का रडतोय मलाच कळत नव्हतं, आणि तेवढ्यात फाटकातून स्कूटर आत आली.

मामांनी ती लावली. तोंड वाऱ्याकडे. इंजिन बंद केलं, स्टँड लावलं, दोन्ही पाय जमिनीवर. मी हाक मारणार होतो, पण मामी उतरत नव्हत्या, आणि मामा समोरच्या भिंतीकडे बघत तसेच बसून होते. मी खांबापाशीच थांबलो.

"थांबली कीं?" मामींनी विचारलं.

"थांबली."

"पुरती?"

"पुरती."

तरी मामांनी मान वळवली नाही. भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "वाऱ्याचा कांहीं दोष नव्हता. रोजचाच वारा. चाकें टेकलीं, आणि मी मागें वळलों. कसें टेकविलें, तें तुझ्या तोंडावर बघायचें होतें मला. शाबासकी पाहिजे होती. तेवढ्यांत पाय सुटले. माझी चूक. तुला कांहीं झालें असतें तर..."

"ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "मी मागेंच बसलेली होतें. तुम्ही वळून असे दांत काढून हसूलाले होतां, आणि आपण फिरलों."

मामांची मान खाली गेली. मामी उतरल्या, तेलाची बाटली पदराखाली घेतली, समोर येऊन उभ्या राहिल्या.

"टेकविलें मात्र छान होतें," त्या म्हणाल्या.

मी मामांच्या पायांकडे बघितलं. ते चाललेले नव्हते.

आता मुलगी चार वर्षांची आहे. मामांचे डोळे अधू झाले, स्कूटर गेली, गच्चीवरची पिशवीही वाऱ्याने विरली. पट्टीश्वरम्‌ला दोघं टाउन बसनेच जातात, त्याच शेवटच्या बाकावर, शेजारी शेजारी. मामा अधूनमधून मागच्या काचेतून रिकाम्या रस्त्याकडे बघतात, तिथे अजून कुणीतरी स्कूटरवर येत असावं तसं. गाव आलं की सगळी बस उठून दाराशी दाटी करते. ही दोघं बसून राहतात. कंडक्टर ओरडतो, शिव्या द्यायच्या बेतात येतो. इंजिन बंद होतं. मग मामी मामांच्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "अत्ता चला."